हमीदाबानूला नोकरी असती तर

आमच्या अभनपूर शाखेकडून मध्यंतरी एक साधी चौकशी आली. रायपूर जिल्ह्यातले हे स्टेशन जुन्या साथींना नॅरोगेजचे जंक्शन म्हणून माहीत आहे. एक फाटा धमतरीला, दुसरा राजिमला. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून नागपूर-गोंदियाकडची मराठी घरे या लाईनीवर नोकरीला आली आणि इथलीच झाली. ती छोटी गाडी गेली, रूळ रुंद झाले आणि ३० मार्च २०२५ ला रायपूरहून अभनपूरपर्यंत मेमू सुरू झाली. चौकशी अशी की, एका ट्रॅक मेंटेनर साथीची मुलगी शाळेतून कुस्ती खेळते, जिल्ह्याच्या वर गेली आहे, वस्ताद म्हणतात पोरीच्या अंगात कुस्ती आहे. तर तिला स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत नोकरी लागेल काय? आणि लागली तर कुस्तीच्या त्या जगात ती सुरक्षित राहील काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर परिपत्रकात मिळते. दुसऱ्याचे मिळत नाही. बापाने दोन्ही प्रश्न एका दमात विचारले. २०२३ साली दिल्लीत जंतरमंतरवर जे घडले ते त्याने मोबाईलवर पाहिलेले आहे. त्या उन्हात बसलेल्या पैलवान मुली कोण होत्या हेही त्याला ठाऊक आहे. त्यांतल्या दोघी आपल्याच रेल्वेच्या नोकर होत्या. म्हणून हा विषय संघटनेच्या मुखपत्रात घेणे आम्ही आमचे काम समजतो. हा क्रीडापानाचा विषय आहे असे कुणी म्हणू नये.

परंतु साक्षी मलिक आणि विनेश फोगाट यांच्याकडे येण्याआधी एका जुन्या पैलवान बाईची हकीकत सांगितली पाहिजे. तिचे शेवटचे दिवस आपल्या कल्याणला गेले. कल्याणचे कितीतरी रेल्वेवाले तिच्या घरावरून ड्यूटीला गेले असतील, तिची म्हैस त्यांनी पाहिली असेल, आणि ही बाई कोण होती हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसेल.

हमीदाबानू मूळची मिर्झापूरकडची. अलीगढला सलाम पैलवानाच्या हाताखाली ती तयार झाली आणि १९४०-५० च्या दशकांत वर्तमानपत्रे तिला 'अलीगढची ॲमेझॉन' म्हणू लागली. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. तिचा खुराक पेपरवाले चवीने छापीत: दिवसाला साडेपाच लिटर दूध, किलोभर मटण, शिवाय कोंबडी, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम, बिर्याणीच्या दोन थाळ्या. सहा तास मेहनत, नऊ तास झोप. हे आकडे वाचून लोकांना हसू येते. आम्हाला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. एवढा खुराक रोज कोण पुरवीत होते? पुरुष पैलवानाला संस्थानचा आश्रय असे, कोल्हापूरला, बडोद्याला, पतियाळाला तालमी संस्थानच्या पैशावर चालत. या बाईच्या मागे कुठलाही महाराज नव्हता. तिने खाल्ले ते तिच्याच कुस्त्यांच्या तिकिटांतून, आणि तिकिटाचा पैसा आधी प्रमोटरच्या हातात पडे.

ती लढत होती पुरुषांशी, कारण लढायला बायका फारशा नव्हत्याच. १९४४ साली मुंबईत गुंगा पैलवानाबरोबर तिची कुस्ती ठरली तेव्हा वीस हजार माणसे जमल्याचे त्या वेळच्या पेपरात आले होते. पैशावरून आणि तयारीच्या वेळेवरून बोलणी फिसकटली, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. १९५४ च्या सुरुवातीला तिने जाहीरच करून टाकले की, जो मला हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. त्यानंतर पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन मोठे पैलवान तिने पाडले. मे महिन्यात ती बडोद्याला गेली. तिथल्या छोट्या गामाने बाईशी लढणार नाही म्हणून अंग काढून घेतले. मग बाबा पैलवान उभा राहिला. ४ मे १९५४ ची ही कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत निकाली झाली. लग्नाचा प्रश्न तिथेच मिटला. त्याच वर्षी मुंबईत तिने 'रशियाची अस्वलीण' म्हणून मिरवणाऱ्या व्हेरा चिस्टिलिनला मिनिटभरही टिकू दिले नाही.

आता आपल्या मुलखातले ऐका. पुण्यात रामचंद्र साळुंके या पैलवानाबरोबर तिची कुस्ती ठरली होती. कुस्तीच्या संघटनेनेच हरकत घेतली आणि ती रद्द झाली. कोल्हापुरात, जिथला माणूस कुस्ती म्हटली की जेवण सोडून उठतो तिथे, तिने शोभासिंग पंजाबी याला हरवले तर लोकांनी हुर्यो केली, दगड फेकले. पोलिसांना मध्ये पडावे लागले. कोल्हापूरचे साथी रागावतील, पण लिहिणे भाग आहे. पैलवानाने पैलवानाला चीत केले तर फेटा उडवायचा, आणि बाईने केले तर धोंडा उचलायचा, ही त्या वेळची आपली रीत होती.

पुढची गोष्ट संघटनेच्या कार्यकर्त्याने नीट ध्यानात घ्यावी. तिच्या कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. मोरारजींनी कळवले की, ती बाई आहे म्हणून बंदी नाही. प्रमोटर लोक तिच्यासमोर नकली पैलवान उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत, म्हणून बंदी आहे. तक्रारी खऱ्या होत्या असे क्षणभर धरून चालू. तरी बंदी कुणावर आली? लबाडी ठेकेदाराची आणि काम गेले मजुराचे. आपल्याकडे सफाईच्या ठेक्यात, पार्सलच्या ठेक्यात, कॅटरिंगच्या ठेक्यात आजही हेच चालते. ठेका रद्द होतो, ठेकेदार दुसऱ्या नावाने टेंडर भरतो, आणि दहा वर्षे झाडू मारणारी बाई फाटकाबाहेर उभी राहते.

हमीदाबानूने युरोपात जाऊन लढायचे ठरवले होते. ती गेली नाही. त्याच सुमारास ती कुस्तीतून एकाएकी नाहीशी झाली. तिच्या घरच्यांनी पुढे सांगितले ते असे की, युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पैलवानाने तिला मारहाण केली, तिचे हातपाय मोडले. नंतर तो अलीगढला परत गेला आणि ती कल्याणला राहिली. दुधाचा धंदा होता, काही खोल्या भाड्याने दिल्या होत्या. पैसा कमी पडला की ती रस्त्याच्या कडेला घरी केलेले खाण्याचे पदार्थ विकी. १९८६ साली ती वारली. बायकांच्या कुस्तीची पहिली जागतिक स्पर्धा नॉर्वेत भरली ती १९८७ साली.

एका वर्षाने ती चुकली असे कुणी म्हणेल. आम्हाला ते खरे वाटत नाही. ती चुकली पूर्ण पन्नास वर्षांनी. तिच्या उमेदीच्या काळात बायकांची कुस्ती हा खेळ मानला जात नव्हता, तमाशा मानला जात होता. आणि तमाशातल्या माणसाला ना फंड, ना ग्रॅच्युइटी, ना पेन्शन, ना दवाखाना. हातपाय मोडले तर ते मोडलेले हातपाय घेऊन दूध काढायचे. अशा बाईला कुठल्याही खात्यात, अगदी खलाशाची का होईना, कायमची नोकरी असती तर? तिला मारणाऱ्या वस्तादाला सोडून ती आपल्या क्वार्टरमध्ये राहू शकली असती. रेल्वे हॉस्पिटलात तिचे हाड जुळले असते. म्हातारपणी महिन्याच्या पहिल्या तारखेला ती पेन्शनच्या रांगेत दिसली असती. कायमची नोकरी म्हणजे आम्ही एवढेच म्हणतो आहोत, आणि हे थोडके नाही.

पुरुषांचे सगळे सुखात चालले होते असे मात्र नव्हे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ पदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पोलीस खात्यात १९५५ साली सब-इन्स्पेक्टरची नोकरी मिळाली, आणि बढती कित्येक वर्षे मिळाली नाही. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही झगडावे लागले. अर्जुन पुरस्कार देण्याचे सरकारला २००० साली सुचले, तेव्हा त्यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती. तेव्हा नोकरी दिली की काम संपले असे नाही. नोकरीतले हक्क मिळवून द्यायला मागे कुणीतरी लागतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती २००४ साली अथेन्सला आली. ती फक्त फ्रीस्टाईल, आणि सुरुवातीला चारच वजनगटांची. २०१६ ला रिओमध्ये गट सहा झाले. त्यांतल्या ५८ किलो गटात रोहतक जिल्ह्यातल्या मोखरा गावची साक्षी मलिक उतरली. बाप दिल्ली परिवहनच्या बसवर कंडक्टर, आई अंगणवाडीची पर्यवेक्षिका. म्हणजे आपल्यातलेच घर. बाराव्या वर्षी ती रोहतकच्या छोटूराम स्टेडियममध्ये ईश्वर दहिया यांच्याकडे शिकू लागली. मुलीला कुस्ती शिकवतो म्हणून त्या गुरूलाही लोकांची बोलणी खावी लागली. पुढे उत्तर रेल्वेच्या दिल्ली विभागात, वाणिज्य खात्यात तिला नोकरी मिळाली.

रिओतली तिची ती कुस्ती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो, कारण कुस्ती ही आकड्यांत कळते. उपांत्यपूर्व फेरीत ती रशियाच्या मुलीकडून हरली. नियम असा की, ज्याने आपल्याला हरवले तो अंतिम फेरीत गेला तर हरलेल्याला ब्राँझसाठी पुन्हा संधी मिळते. रशियाची मुलगी गेली. साक्षीने आधी मंगोलियाच्या मुलीला १२-३ ने हरवले आणि मग किर्गिझस्तानच्या ऐसुलू तिनिबेकोवाशी ब्राँझची लढत आली. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पहिली संपली तेव्हा साक्षी ०-५ ने मागे. दुसऱ्या फेरीत तिने पट काढून काढून बरोबरी आणली आणि शेवटचे काही सेकंद उरले असताना आणखी दोन गुण घेतले. समोरच्यांनी निर्णयाला आव्हान दिले, ते फेटाळले गेले, त्याचा एक गुण मिळून निकाल ८-५. ऑलिंपिक पदक जिंकणारी ती भारताची पहिली स्त्री पैलवान. रेल्वेने तिला राजपत्रित पदावर बढती दिली. रेल्वेच्या कार्यालयांत तिचे फोटो लागले. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलाचे सुवर्णही तिने आणले.

विनेश फोगाट हरियाणातल्या बलाली गावची. लहानपणीच तिच्या वडिलांचा खून झाला. ते साधे बसचालक होते, असे तिनेच लिहिले आहे. रिओत गुडघा दुखावून ती स्ट्रेचरवरून बाहेर आली. २०१८ साली आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय स्त्री पैलवान झाली. २०१९ आणि २०२२ साली जागतिक स्पर्धेत ब्राँझ. ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० किलो गटात तिने जपानच्या युई सुसाकीला पाडले, जी तोवर परदेशी पैलवानाशी एकही लढत हरली नव्हती. त्याच दिवशी आणखी दोन लढती जिंकून ती अंतिम फेरीत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजनात १०० ग्रॅम जास्त भरली. रात्रभर व्यायाम केला, केस कापले, तरी १०० ग्रॅम उरलेच. नियमाप्रमाणे ती सर्वांत शेवटच्या जागेवर गेली. क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला तिचा अर्ज फेटाळला. त्या १०० ग्रॅमवर देशभर भरपूर बोलून झाले आहे, आम्ही त्यात भर घालत नाही.

आमच्या दृष्टीने या दोघींच्या कारकिर्दीतला मोठा सामना मॅटवरचा नव्हताच. १८ जानेवारी २०२३ ला त्या बजरंग पुनियासह जंतरमंतरवर बसल्या. बजरंगही रेल्वेचाच. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष व खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला पैलवानांच्या लैंगिक छळाचे आरोप त्यांनी केले. सरकारने चौकशी समिती नेमली. तीन महिने गेले, हाती काही लागले नाही, म्हणून २३ एप्रिलला त्या पुन्हा बसल्या. सर्वोच्च न्यायालयात जावे लागले तेव्हा कुठे २८ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला. २८ मेला नव्या संसदेकडे निघाल्या तर पोलिसांनी त्यांना ओढत नेऊन ताब्यात घेतले, उलट त्यांच्यावरच गुन्हे लावले. ३० मेला त्या पदके गंगेत सोडायला हरिद्वारला गेल्या आणि शेतकरी नेत्यांनी त्यांना थांबवले. केंद्रीय कामगार संघटनांनी आणि संयुक्त किसान मोर्च्याने त्यांना पाठिंबा दिला होता. ब्रिजभूषण यांनी आरोप नाकारले आहेत. मे २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांच्यावर आरोप निश्चित केले, आणि एका अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचे वेगळे प्रकरण मे २०२५ मध्ये बंद झाले. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे.

५ जून २०२३ ला बातमी आली की साक्षी रेल्वेत कामावर हजर झाली. लगेच बोलबाला झाला की आंदोलन फुटले. तिने जाहीर केले की लढा सोडलेला नाही, लढ्याबरोबर मी माझी ड्यूटी करते आहे. तिच्या साथीदारांनी सांगितले की आम्हाला नोकरीची भीती घालू नका, न्यायाच्या आड नोकरी आली तर ती सोडायला वेळ लागणार नाही. साथींनो, हे बोलणे आपल्याला नवे नाही. १९७४ च्या मे महिन्यात आपल्या वडिलांच्या पिढीने रेल्वे बंद केली तेव्हा क्वार्टरमधून सामान बाहेर फेकले गेले, हजारोंना कमी केले, बायकामुलांना पोलिसांनी धमकावले. नोकरी माणसाला ताठ उभे करते आणि तीच नोकरी दावण म्हणून गळ्यात घातली जाते, हे रेल्वेवाल्याला शिकवावे लागत नाही. पण एक फरक पाहा. हमीदाबानूला वस्तादाने मारले तेव्हा तिला जायला जागा नव्हती. साक्षीला दिल्लीत पोलिसांनी ओढले तेव्हा तिच्या नावावर सर्व्हिस बुक होते. तिला विनाचौकशी काढता आले नसते. सर्व्हिस बुक असलेली मुलगी महासंघाच्या अध्यक्षासमोर उभी राहिली. ज्यांच्याकडे नोकरी नव्हती अशा किती मुली गप्प घरी गेल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

शेवट मात्र गोड झाला नाही. २१ डिसेंबर २०२३ ला महासंघाची निवडणूक झाली, ब्रिजभूषण यांच्या जवळचे संजय सिंह निवडून आले. त्याच दिवशी साक्षीने दिल्लीच्या प्रेस क्लबमध्ये कुस्तीचे बूट टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली. विनेशने ६ सप्टेंबर २०२४ ला रेल्वेचा राजीनामा दिला, काँग्रेसमध्ये गेली आणि ऑक्टोबरमध्ये जुलान्यातून आमदार झाली. कुणी कुठल्या पक्षात जावे हा ज्याचा त्याचा विषय. रेल्वेला विचारायचे ते एवढेच की, या मुली तुमच्या नोकर असताना, त्यांच्यावर अन्याय होतो आहे असे त्या ओरडून सांगत असताना, मालक म्हणून तुम्ही काय केले?

इथे प्रशासनाचे ठरलेले उत्तर असते: शिबिर महासंघाचे, आमचा संबंध नाही. हे उत्तर कायद्यात बसत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शाखा सेक्रेटरींनी काढून वाचावा. १९९७ च्या विशाखा निकालातून तो आला. त्यात 'कामाचे ठिकाण' या शब्दाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, सराव व स्पर्धेची जागा, निवासी असो वा नसो, स्पष्ट लिहिलेली आहे. नोकरीनिमित्त जिथे जावे लागते ती जागा आणि मालकाने दिलेले वाहनही त्यात येते. स्पोर्ट्स कोट्यातली मुलगी रेल्वेच्या परवानगीने शिबिराला जाते, म्हणजे ती आपल्या कामावरच असते. समितीची अध्यक्ष स्त्री असावी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात, बाहेरचा एक सदस्य असावा, चौकशी ९० दिवसांत संपवावी, हे सगळे कायद्यात आहे. कुस्ती महासंघाच्या समितीत पाच सदस्य होते, बाई एकच, आणि ती म्हणजे साक्षी स्वतः, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट साफ केली. ज्या कार्यालयात स्त्री नोकरी करते तिथली समिती दुसऱ्या खात्यातल्या नोकराविरुद्धची तक्रारही चौकशीला घेऊ शकते. महासंघाचा पदाधिकारी सरकारी नोकर नसेल तर काय, हा प्रश्न उरतोच. तो फेडरेशनने वकिलांकडे द्यावा असे आमचे मत आहे.

प्रशासनाला विचारताना आपण आपल्या घरातही डोकावू. समितीचा बोर्ड तुमच्या डेपोत लागला आहे काय? लागला असेल तर त्यावरच्या सदस्य बाई अजून त्याच ठिकाणी आहेत काय, की बदली होऊन दोन वर्षे झाली? ट्रॅकवर काम करणाऱ्या आपल्या भगिनींना दहा-दहा किलोमीटरच्या सेक्शनमध्ये आडोसा नाही. एका बाजूला पदकवालीचा फोटो लागतो, दुसऱ्या बाजूला की-मॅनचे काम करणारी बाई सकाळपासून पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. पोस्टातही तेच. ग्रामीण डाक सेवक बाई आपल्याच घराच्या ओट्यावर पोस्ट चालवते, तिला कायमच्या नोकराचा दर्जा नाही, आणि तिच्या तक्रारीची समिती बहुधा शंभर किलोमीटरवर, जिल्ह्याच्या गावी. आणखी एक लिहिले पाहिजे. बाईने तक्रार केली की 'आपला माणूस' म्हणून त्याला सांभाळायला आपलेच काही पदाधिकारी धावतात. आरोपीला बचावाचा हक्क आहे, तो संघटनेने द्यावाच. पण तक्रार मागे घे म्हणून तिच्या घरी जाणे हे संघटनेचे काम नव्हे. असे जाणाऱ्याला आम्ही कार्यकर्ता मानत नाही.

त्या बापाच्या पहिल्या प्रश्नाबद्दल थोडे. स्पोर्ट्स कोट्यात नेमणूक मिळाली की दोन वर्षांचा परीक्षाकाळ असतो आणि किमान पाच वर्षे रेल्वेकडून खेळण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. कुस्तीत गुडघा आणि खांदा कधी जाईल सांगता येत नाही. लोको पायलट डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला तर त्याला पगार राखून दुसरे काम मिळते. तो हक्क आपण भांडून मिळवला आणि कायद्यानेही दिला. मग परीक्षाकाळात गुडघा गेलेल्या पैलवान मुलीचे काय? आणि पाच वर्षांत तिचे लग्न झाले, बाळंतपण आले, तर ती १८० दिवसांची रजा खेळण्याच्या वर्षांत धरायची की नाही? या दोन गोष्टी लेखी झाल्याशिवाय आम्ही कुठल्याही बापाला निःशंक होय म्हणून सांगणार नाही. शिवाय जागा निघाल्या तर कोटा. रिक्त पदे सरेंडर होत राहिली, कामे ठेक्यावर जात राहिली, तर कोटा कागदावर राहील. जपानमध्ये चार ऑलिंपिक सुवर्णे घेणारी काओरी इचो एका सुरक्षा कंपनीच्या नोकरीत राहून लढली. जगात ज्या देशाने बायकांच्या कुस्तीवर राज्य केले, तिथेही खेळाडूच्या मागे पगार होता.

महाराष्ट्रातही गोष्टी हलल्या आहेत. १९६१ पासून चाललेल्या महाराष्ट्र केसरीला बायकांची जोड २०२३ साली मिळाली. सांगलीत झालेल्या त्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने गदा घेतली. अंतिम लढतीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, कल्याणची. प्रेक्षकांनी दोघींनाही टाळ्या दिल्या. त्याच कल्याणला हमीदाबानू दूध विकत होती हे त्या दिवशी मैदानात किती जणांना माहीत होते कोण जाणे.

पुढच्या पीएनएमसाठी आम्ही विषय मांडतो आहोत ते असे. स्पोर्ट्स कोट्यातल्या स्त्री नोकरांची शिबिरे आणि स्पर्धा हे रेल्वेचे कामाचे ठिकाण मानून तिथल्या तक्रारी विभागाच्या समितीने घ्याव्यात, आणि शिबिराला जाताना समितीच्या अध्यक्षांचे नाव व फोन मुलीच्या हातात लेखी द्यावा. परीक्षाकाळात दुखापत झाल्यास नोकरी कायम राहावी. बाळंतपणाची रजा बंधपत्राच्या काळात धरावी. पोस्टाच्या साथींनी हेच विषय आपल्या विभागीय बैठकीत घ्यावेत. सर्व शाखा सेक्रेटरींनी आपल्या डेपोतल्या, स्टेशनवरच्या, सॉर्टिंग ऑफिसातल्या समितीच्या बोर्डाचा फोटो काढून महिनाअखेरीपर्यंत मध्यवर्ती कार्यालयाकडे पाठवावा. बोर्ड नसेल तर रिकाम्या भिंतीचा पाठवावा.